तेल संपलेल्या पाच मुली
(छापचित्रांची गोष्ट : भाग 6)

मागच्या भागात लाकडी ठशांबद्दल वाचले, आता तांब्याकडे वळू. मार्टिन शोंगाउअर हा ऱ्हाईनच्या खोऱ्यातल्या कोलमारचा. ते गाव आज फ्रान्समध्ये आहे. बाप सोनार, त्यामुळे धातूवरची रेघ त्याने घरातच पाहिलेली. 1491 मध्ये तो वारला तेव्हा मागे सुमारे 116 ताम्र-छापचित्रे उरली. त्यांतल्या दहा चित्रांचा एक संच आहे : शहाण्या कुमारी आणि मूर्ख कुमारी.

दाखला मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 25व्या अध्यायातला. दहा कुमारी दिवे घेऊन नवरदेवाला सामोऱ्या निघतात. पाचजणी जास्तीचे तेल घेतात, पाचजणी घेत नाहीत. नवरदेवाला उशीर होतो आणि दहाही जणींचा डोळा लागतो. हे विसरू नये, शहाण्याही झोपतात. मध्यरात्री हाक येते. मूर्ख कुमारी तेल मागतात, शहाण्या देत नाहीत. मूर्ख कुमारी विकत आणायला जातात, तोवर नवरदेव येतो आणि दार बंद होते.

ही गोष्ट चर्चच्या दारांवर फार आवडीने कोरली जाई. कोलमारपासून जवळच, स्ट्रासबुर्गच्या कॅथेड्रलवर ती 1280 च्या सुमारास घडवलेली आहे. तिथे मूर्ख कुमारींजवळ हातात सफरचंद घेतलेला एक देखणा तरुण उभा आहे आणि त्याच्या पाठीवर बेडूक नि साप सरपटताहेत. पलीकडे शहाण्यांच्या बाजूला स्वतः ख्रिस्त आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला भीती बसावी अशीच ती मांडणी.

शोंगाउअरने हे सगळे काढून टाकले. नवरदेव नाही, दार नाही, मोहात पाडणारा नाही. सुमारे 12 सेंटीमीटर उंचीच्या कागदावर एकच मुलगी, पायाखाली थोडी जमीन, मागे नुसता कोरा कागद. शहाणीच्या हातातला दिवा सरळ, मूर्ख मुलीच्या हातातला उलटा. मूर्ख कुमारी कुरूप किंवा दुष्ट दिसत नाहीत. बांधा तोच नाजूक, वस्त्रांच्या चुण्याही उत्तरकालीन गॉथिक शैलीतल्या तशाच टोकदार. सारा निवाडा मनगटावर येऊन थांबतो. स्ट्रासबुर्गचे शिल्प थोर आहेच, पण नीतीचा धडा या छोट्या कागदांवर जास्त खोल उतरला आहे. इथे दोष टाकायला दुसरे कुणी उरलेले नाही.

हे साधले ते ब्यूरिन या टोकदार पोलादी हत्याराने. ते तळहाताच्या जोराने पुढे रेटायचे आणि वळणदार रेघेसाठी खालचा पत्रा फिरवायचा. छाप उलटी उमटते, म्हणून चित्रही उलटेच कोरायचे. मग खाचांत शाई भरायची, पृष्ठभाग पुसून घ्यायचा आणि ओलसर कागद दाबून शाई उचलायची. शोंगाउअरच्या रेघा कपड्याच्या घडीबरोबर वळतात, सावली दाट हवी तिथे एकमेकींना छेदतात. त्याआधी इतकी गोलाई ताम्र-छापचित्रात क्वचितच आली होती.

त्याच्या चित्रांची कीर्ती कागदाबरोबर दूरवर गेली. इस्राहेल फान मेकेनेम या दुसऱ्या छापचित्रकाराने त्याच्या अनेक चित्रांच्या नकला कोरल्या. प्रत्येक पत्र्यावर शोंगाउअर एम आणि एस ही आपली आद्याक्षरे कोरत असे, त्यामुळे चित्राबरोबर नावही पोहोचे.

न्यूरेंबर्गचा तरुण आल्ब्रेख्त ड्यूरर त्याला भेटायला 1492 मध्ये कोलमारला पोहोचला, पण उशीर झाला होता. शोंगाउअरच्या भावांनी त्याचे स्वागत केले. पुढचा भाग ड्यूररवर.