पाचरी काढीपर्यंत

नाशिकहून त्र्यंबकेश्वराच्या रस्त्याला लागले, की सातपूरची औद्योगिक वसाहत लागते. आणि तेथल्या एखाद्या लहानशा कारखान्यात नवे लेथ मशीन येऊन उतरले, म्हणजे पुढचे दोन-तीन दिवस जो विधी चालतो, तो एखाद्या गृहप्रवेशाहून कमी दक्षतेचा नसतो. अशा एका प्रसंगी मी हजर होतो. क्रेनने यंत्र जागेवर ठेवले, वीज जोडली, बटण दाबताच चक गरगर फिरू लागला आणि मालकांनी समाधानाने पेढ्यांच्या पुड्याला हात घातला, तोच बेडवर ठेवलेल्या स्पिरिट लेव्हलच्या बुडबुड्यावर नजर लावून बसलेले वृद्ध फिटर मान वर न करताच म्हणाले, "शेठ, मशीन चालतंय, पण बसलं नाही अजून." मग पायांखाली लोखंडी पाचरी ठोकणे, बुडबुडा मध्यावर येईतो त्या मागेपुढे सरकवणे, फाउंडेशन बोल्टांभोवती सिमेंट ओतणे, ते पक्के होऊ देणे आणि अखेर त्याच पाचरी काढून घेणे, हे सारे यथासांग पार पडले. पेढे मात्र तोवर पुड्यातच राहिले.

संगणकाच्या व्यवहारात 'पोर्ट करणे' असा एक शब्दप्रयोग रूढ आहे. एका प्रणालीसाठी रचलेली आज्ञावली दुसऱ्या प्रणालीवर नेऊन उभी करणे, एवढाच त्याचा अर्थ. आज्ञावली मुक्तस्रोत असेल, म्हणजे तिची मूळ संहिता वाचण्याची, बदलण्याची व वाटण्याची मुभा सर्वांना असेल, तर ती नेण्यासाठी कोणाच्या परवान्यासाठी खेटे घालावे लागत नाहीत. हौसेने आणि रात्री जागवून चार माणसेही तिला नव्या जागी चालती करू शकतात. परंतु चालती करणे निराळे आणि बसवणे निराळे, हा जो भेद त्या फिटरने सहज बोलून दाखवला, त्याचा एक मोठा बोधप्रद दाखला 'ओपनऑफिस'च्या इतिहासात सापडतो.

मूळ जर्मनीतील स्टारडिव्हिजन या कंपनीची ही कचेरीकामाची आज्ञावली १९९९ साली अमेरिकेच्या सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतली आणि १३ ऑक्टोबर २००० रोजी तिची संहिता जगाला खुली केली. पुढच्याच वर्षी ॲपलने मॅक संगणकासाठी नवी प्रणाली बाजारात आणली. तिच्यावर स्वयंसेवकांनी ओपनऑफिस चालवून दाखवले खरे. पण ते एमआयटीत १९८७ साली सिद्ध झालेल्या 'एक्स ११' या चित्रणव्यवस्थेच्या टेकूने, जी युनिक्सच्या जगातील होती आणि मॅकच्या स्वतःच्या चित्रणरीतीला परकी होती. त्यामुळे मॅकचा मेनू पडद्याच्या माथ्यावर असावयाचा, तर ओपनऑफिसचा मेनू त्याच्या स्वतःच्या खिडकीत लटकत राही. जेथे मॅकवाल्याचे बोट सवयीने 'कमांड' कळीवर जाई, तेथे त्याला 'कंट्रोल' दाबावी लागे. आणि आपल्याच संगणकात बसवलेले टंक या पाहुण्याला धड दिसत नसत. पत्र लिहून होत होते, हिशेब जुळत होते. तक्रार करावी, तर आज्ञावली बंद पडली असे म्हणण्याचीही सोय नव्हती.

यातून दोन मार्ग निघाले. पॅट्रिक लुबी आणि एडवर्ड पीटरलिन या दोघांनी, जे पूर्वी याच मॅक-कार्यात होते, वेगळी चूल मांडली आणि जावा या संगणकभाषेच्या साहाय्याने 'निओऑफिस' या नावाने मॅकच्या रीतीने वागणारी आवृत्ती उभी केली. वापरणाऱ्याला तिचा लाभ तत्काळ झाला, हे मान्य केले पाहिजे. परंतु सनचा शिरस्ता असा होता, की मूळ संहितेत भर घालावयाची असेल, तर त्या भरीच्या मालकीत सनला सहहक्कदार करून घ्यावे. निओऑफिसने आपली सनद निराळी ठेवल्यामुळे त्यांचे काम मूळ घरात येऊ शकले नाही, आणि ओपनऑफिसची प्रत्येक नवी आवृत्ती निघाली, की त्या दोघांना आपल्या पाचरी पुन्हा ठोकीत बसावे लागे.

दुसरा मार्ग दीर्घ पल्ल्याचा होता. फ्रान्सचे एरिक बाशार यांच्या पुढाकाराने काही स्वयंसेवक मूळ संहितेतच काम करीत राहिले. ओपनऑफिसच्या रचनेत आज्ञावली आणि प्रणाली यांच्यामध्ये दुभाष्यासारखा एक थर असतो. 'येथे बटण काढ', 'येथे अक्षर उमटव' असे वरून सांगितले जाते आणि हा दुभाषी ते त्या-त्या प्रणालीच्या भाषेत वदवतो. मॅकची मातृभाषा बोलणारा दुभाषी नव्याने घडवणे, हे त्यांचे काम. अशा कार्यात म्होरक्याची कसोटी केवळ संहिता लिहिण्यात लागत नाही. ज्यांना पगार नाही त्यांना टिकवून धरणे, 'आमच्यापुरते चालते, मग मूळ दप्तरी कशाला नोंदवायचे?' या मोहाला आवर घालणे, आणि विंडोज वा लिनक्सवर काम करणाऱ्यांना त्रास न होता आपला बदल त्यांच्या गळी उतरवणे, या बिनबोभाट कारभारातच त्याचा बहुतेक काळ खर्ची पडतो. २००७ च्या मे महिन्यात सनने स्वतःचे अभियंते या कामावर देत असल्याचे जाहीर केले. परंतु ते आले तेव्हा जमीन उकरलेली होती, पाया आखलेला होता, हे विसरून चालणार नाही.

१३ ऑक्टोबर २००८ रोजी, म्हणजे संहिता खुली झाल्याला बरोब्बर आठ वर्षे पुरी झाली त्या दिवशी, ओपनऑफिसची ३.० ही आवृत्ती निघाली आणि मॅकवर ती एक्स ११ चा टेकू न घेता उभी राहिली. मागणी इतकी लोटली, की वितरणाचे सर्व्हर कोलमडले. २०१० साली त्या घराण्यातून लिबरऑफिस वेगळे निघाले, तेव्हा हा दुभाषीही वारसाहक्काने त्याच्याकडे गेला. पुढे २०१७ च्या ५.३ या आवृत्तीत लिबरऑफिसने अक्षरजुळणीचे काम प्रत्येक प्रणालीच्या स्वतंत्र यंत्रणेकडून काढून 'हार्फबझ' या एकाच मुक्तस्रोत यंत्रणेकडे सोपवले. जोडाक्षरांवर जगणाऱ्या आपल्या देवनागरीसारख्या लिपीला, 'ऱ्हस्व' हा शब्द विंडोजवर आणि मॅकवर एकाच नियमाने जुळावा, यात किती हित आहे, ते निराळे सांगावयास नको. येथेही पुन्हा काही पाचरी निघाल्याच.

चौथ्या दिवशी मी त्या कारखान्यात गेलो, तेव्हा लेथवर जॉब चढला होता आणि कापलेल्या धातूची चकचकीत वेटोळी ट्रेमध्ये पडत होती. फिटरकाका कोपऱ्यात बसून चिंधीने एकेक पाचर पुसून पत्र्याच्या डब्यात टाकीत होते. "आता पलीकडच्या गाळ्यात लागतील," ते म्हणाले. मग शेठकडे पाहून त्यांनी स्वतःच विचारले, "पेढे संपले का हो?"