दुसऱ्या वर्षीचं पाणी, चौदाव्या वर्षीचे दात

टोरांटो विद्यापीठातल्या अलेक्झांड्रा जोकोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यात ३७ प्रश्न आहेत. दात दुखतो का, चावताना त्रास होतो का, हे त्यात आहेच. पण गेल्या तीन महिन्यांत दातांमुळे चारचौघांत हसायचं टाळलं का, वर्गात मोठ्यानं वाचायला नको वाटलं का, कुणी चिडवलं का, हेही मुलांनाच विचारलं आहे. डागाळलेला दात बहुधा ठणकत नाही, हलत नाही, भाकरी नीट चावतो. त्यामुळे दुखण्याच्या हिशेबात तो कधी धरलाच जात नाही. चौदा वर्षांच्या मुलीला मात्र तोंडावर ओढणी धरल्याशिवाय हसता येत नाही.

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार आणि मोखाड्यासारख्या भागात हा प्रश्न मागे पडणं समजण्याजोगं आहे. १९९२ मध्ये वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी हा परिसर राज्याला ठाऊक झाला आणि तेव्हापासून इथल्या मुलांचं आरोग्य म्हणजे वजन आणि दंडघेर असंच समीकरण राहिलं. जिथे मूल जगवण्याचीच लढाई आहे, तिथे दातांवरच्या डागांचं काय घेऊन बसलात, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. जगलेलं मूल पुढे आश्रमशाळेत जातं, दहावीला बसतं, मुलाखत देतं. त्याच्या आत्मविश्वासालाही किंमत आहे. शिवाय दातांवरचा डाग आणि पहिल्या तीन वर्षांचं पोषण या गोष्टी वाटतात तितक्या वेगळ्या नाहीत.

दात हिरडीतून बाहेर येण्याच्या कितीतरी आधी जबड्यात घडत असतो. त्याचं कठीण आवरण, म्हणजे इनॅमल, तयार करणाऱ्या पेशी आधी प्रथिनांचा सांगाडा उभा करतात. मग ती प्रथिनं काढून घेतली जातात आणि मोकळ्या जागेत कॅल्शियम-फॉस्फेटचे स्फटिक भरत जातात. या काळात शरीरात, मुख्यतः पिण्याच्या पाण्यातून, फ्लोराइड जास्त गेलं, तर प्रथिनं निघून जायला उशीर होतो, स्फटिक पुरते भरत नाहीत आणि इनॅमलच्या वरच्या थराखाली सूक्ष्म पोकळ्या राहतात. त्यांवर प्रकाश विखुरतो आणि दात खडूसारखा पांढुरका दिसतो. हा दंत फ्लोरोसिस. तपकिरी रंग बहुतेकदा नंतर चढतो. दात तोंडात आल्यावर अन्नातले, चहातले रंग त्या सच्छिद्र जागेत मुरत जातात. म्हणजे दात आईवडिलांच्या डोळ्यांदेखत काळवंडतो. साहजिकच दोष मुलाच्या माथी येतो. घासत नाहीस, मिश्री लावतेस, असं शाळेतही ऐकावं लागतं. पण हा डाग दाताच्या आतच असल्यामुळे ब्रश झिजेपर्यंत घासूनही तो जात नाही.

वरच्या पुढच्या दोन दातांसाठी सर्वांत नाजूक काळ साधारण सव्वा ते अडीच वर्षांचा असतो. अक्कलदाढा सोडल्या तर इतर कायमचे दात आठव्या वर्षापर्यंत घडून होतात. त्यानंतर कितीही फ्लोराइड पोटात गेलं तरी या दातांना फ्लोरोसिस होत नाही, आणि आधी झालेला पाणी बदलून भरून निघत नाही.

असे डाग कशानं पडतात, हे कोडं सुटायला तीस वर्षं लागली होती. अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे १९०१ मध्ये दवाखाना थाटलेल्या फ्रेडरिक मॅके या तरुण दंतवैद्याला तिथल्या मुलांचे तपकिरी दात दिसले. कारण पाण्यात आहे हा संशय त्यांना होता, पण पाण्यातलं नेमकं काय, हे १९३१ मध्ये एच. व्ही. चर्चिल या रसायनतज्ज्ञांनी दाखवलं. भारतात १९३७ साली तेव्हाच्या मद्रास प्रांतातल्या नेल्लोर जिल्ह्यातून फ्लोरोसिसची पहिली वैद्यकीय नोंद झाली.

महाराष्ट्रात या आजाराचं नाव निघालं की यवतमाळमधलं पांढरकवडा, चंद्रपूर, नांदेडकडचं किनवट ही नावं येतात. प्राचीन ग्रॅनाइटी खडकांतल्या खनिजांतून फ्लोराइड सुटतं आणि कॅल्शियम कमी असलेल्या अल्कधर्मी पाण्यात ते विरघळून राहतं. जव्हार-मोखाडा बसाल्टवर वसलेलं आहे आणि बसाल्टमधल्या पाण्यात फ्लोराइड सहसा कमी असतं. पण 'सहसा' या शब्दावर विसंबून मुलाला पाणी पाजता येत नाही. उथळ विहिरीचं पाणी आणि खोल बोअरचं पाणी एकाच पाड्यावरही वेगळं निघू शकतं.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात फ्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालतं. हा आकडा सगळ्या मुलांना सारखा लागू पडत नाही. उन्हात राबणाऱ्या आईबरोबर दिवसभर उघड्यावर असलेलं मूल जास्त पाणी पितं, म्हणजे तेवढंच जास्त फ्लोराइडही पितं. आहारात कॅल्शियम कमी असेल तर आतड्यातून फ्लोराइड अधिक शोषलं जातं. कुपोषणाचा धागा इथे जुळतो. नागलीत कॅल्शियम भरपूर, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात. पण ताटातली नागली कमी होते आणि दुधाऐवजी कोरा चहा येतो. चहाच्या पानात फ्लोराइड मुळातच साठलेलं असतं. आणखी एक गोष्ट आरोग्यसेवकांनी आवर्जून सांगायला हवी: पाणी उकळल्यानं जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही, पाणी आटलं तर त्याचं प्रमाण उलट वाढतं.

दातांवरचा प्रत्येक डाग फ्लोरोसिसचा नसतो. फ्लोरोसिस साधारणपणे डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारखाच दिसतो. एकाच दातावर ठळक कडेचा डाग असेल तर दुधाचा दात पडण्या-आपटण्यात दुखावला असण्याची शक्यता असते. लहानपणी मोठं आजारपण किंवा उपासमार झाली, तर इनॅमलवर खोलगट रेघा उमटतात. त्या पहिल्या वर्षांतल्या आजारपणाच्या किंवा उपासमारीच्या खुणा असतात.

मुलांच्या मनावर या डागांचा परिणाम किती होतो? ऑस्ट्रेलियातल्या लॉक डो आणि जॉन स्पेन्सर यांनी २००७ मध्ये दाखवलं की अगदी सौम्य फ्लोरोसिस असलेल्या मुलांना दातांबद्दल तक्रार नव्हती, उलट ती थोडी अधिक समाधानी होती. मध्यम आणि तीव्र फ्लोरोसिसमध्ये मात्र चित्र पालटतं, असं अनेक देशांतल्या अभ्यासांतून दिसलं आहे. म्हणून अगदी फिकट पांढऱ्या रेघा बघून मुलाला घाबरवू नये. तपकिरी डाग आणि खड्डे असलेल्या मुलाला मात्र 'त्यात काय एवढं' म्हणून वाटेला लावू नये. वरवरचे डाग दंतवैद्याला आम्ल आणि प्यूमिसनं काढता येतात. खोल असतील तर दाताच्या रंगाचा थर चढवता येतो. पण हे उपचार तालुक्यापासून लांब मिळतात आणि खर्चिक असतात.

शून्य ते अठरा वयाच्या मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमध्येच सुरू झाला. त्याची पथकं आश्रमशाळांत जातात, दातही बघतात. त्या तपासणीत आणखी एक प्रश्न हवा: हे मूल दुसऱ्या वर्षी कुठे होतं? दिवाळीनंतर इथली कितीतरी कुटुंबं 'जगायला' बाहेर पडतात, भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, आणि पावसाच्या तोंडावर परततात. तान्हं मूल बरोबरच असतं. म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने, तेही तहानेचे, ते भट्टीवरचं पाणी पितं. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या महिलांना पाणी तपासायचे संच दिले आहेत आणि त्यांत फ्लोराइडची चाचणी आहे. पण हे संच गावाच्या स्रोतांसाठी आहेत. भट्टीवरचा बोअर कुठल्याच गावाच्या यादीत नसतो. तो ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत असेल तिनं दिवाळीनंतर, झोपड्या उभ्या राहताच, तिथलं पाणी तपासावं. लिटरला १ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड निघालं, तर निदान तीन वर्षांखालच्या मुलांसाठी नळाचं किंवा टँकरचं पाणी भट्टीमालकानं पुरवावं, आणि कुटुंब परत जाताना ही नोंद त्यांच्या पाड्यावरच्या अंगणवाडीत पोचावी.