एकस्व : ज्ञात शोधांचा संयोग
पूर्वी माहीत असलेली दोन वा अधिक साधने, द्रव्ये अथवा प्रक्रिया एकत्र आणून केलेल्या शोधाला एकस्व (पेटंट) मिळू शकते की नाही, हे तो संयोग त्या विषयातील सामान्य जाणकारास सहज सुचण्याजोगा होता की नाही, यावर ठरते. बहुतेक यंत्रे जुन्याच घटकांची बनलेली असतात. म्हणून घटक जुने असणे ही एकस्वाला बाधा नव्हे. मात्र सहज सुचणाऱ्या जुळणीला एकस्व दिल्यास सर्व कारागिरांना मोकळे असलेले ज्ञान काही वर्षे एकाच्याच ताब्यात जाते. उलट कसोटी फार कडक ठेवल्यास खऱ्या संशोधकावर अन्याय होतो.

नावीन्य व शोधकता या दोन वेगळ्या कसोट्या आहेत. संपूर्ण शोध एकाच पूर्वीच्या लेखात किंवा प्रचलित वापरात आढळला, तर नावीन्यच उरत नाही. जखम भरून येण्यासाठी हळदीच्या वापराला अमेरिकेत १९९५ मध्ये एकस्व मिळाले होते. सांगलीसारख्या हळदीच्या बाजारपेठेच्या परिसरातच नव्हे, तर देशभर हा उपाय घरोघरी माहीत होता. रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने संस्कृतादी भाषांतील जुने पुरावे सादर करून त्यास आव्हान दिले व १९९७ मध्ये ते दावे फेटाळले गेले. शोधाचे भाग निरनिराळ्या ठिकाणी विखुरलेले असतील, तर मात्र ते एकत्र आणणे सहज सुचले असते काय, हा प्रश्न उरतो.

भारतीय एकस्व अधिनियम, १९७० च्या कलम ३ नुसार, ज्ञात साधने नुसती शेजारी मांडली आणि प्रत्येक साधन स्वतंत्रपणे आपले जुनेच कार्य करीत राहिले, तर तो शोध ठरत नाही. समजा, कोयनानगर येथील धरणावर जलपातळीमापक व भोंगा एकाच पेटीत बसविले, पण दोहोंचा परस्परांशी संबंध नाही. ही केवळ मांडणी होय. मापकाने भोंगा वाजविला, तर घटकांत परस्परक्रिया येते. तरीही अशी जोडणी त्या क्षेत्रात परिचित असल्यास ती सहजसुलभच ठरेल. घटकांच्या परस्परक्रियेतून अनपेक्षित वा सुधारित परिणाम साधल्यास शोधकतेचा दावा बळकट होतो.

इंग्लंडमध्ये १८९० साली, मांस बारीक करणारे व ते आतड्यात भरणारे अशी दोन जुनी यंत्रे जोडून केलेल्या यंत्रात शोध नाही, असा निर्णय झाला. भारतात मिर्झापूर येथील भांडी कातण्याच्या यंत्राविषयीच्या बिश्वनाथ प्रसाद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हीच दिशा धरली : जुन्या घटकांचा संयोग केवळ कर्मशाळेतील सुधारणेपेक्षा अधिक काही असला पाहिजे. त्या यंत्राचे एकस्व टिकले नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये, हलविता येणारे मोटारीचे पदपट्ट (पेडल) व विद्युत् संवेदक यांच्या जोडणीत शोधकता नसल्याचे ठरविले.

निर्णय देताना दावा करण्याच्या वेळी उपलब्ध असलेले ज्ञानच विचारात घ्यावे लागते. उत्तर हाती आल्यावर प्रत्येक कोडे सोपे वाटते. म्हणून पश्चात्‌बुद्धीने विखुरलेले तुकडे जुळवून शोध सहजसुलभ ठरविणे हा दोष मानला जातो. ते तुकडे जोडण्यास जाणकाराला त्या काळी कोणते कारण होते, हे दाखवून देणे हाच यावरील उपाय होय.