फेस उभा कसा राहतो? – पांढऱ्या चॉकलेटच्या मूसची गोष्ट

नववीच्या वर्गात कलिले शिकवताना आपण फळ्यावर एक तक्ता काढतो. द्रवात वायू विखुरला की फेस, द्रवात दुसरा द्रव विखुरला की पायस. मुले तक्ता पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरूनही जातात. एकदा एका मुलीने तक्त्याबाहेरचा प्रश्न विचारला, "सर, साबणाचा फेस पाच मिनिटांत बसतो. मग केकवरचं क्रीम दुसऱ्या दिवशीपर्यंत तसंच कसं राहतं?"

मला उत्तर देता आले नाही. ते शोधता शोधता मी घरच्या स्वयंपाकघरात पोचलो. तिथे पांढऱ्या चॉकलेटचे मूस करायचा घाट घातला, तीन वेळा फसलो आणि चौथ्यांदा जमले. उत्तर मिळाले ते मुख्यतः त्या तीन फजित्यांमधून. म्हणून त्या क्रमानेच सांगतो.

'मूस' हा फ्रेंच शब्द. सोनाराच्या मुशीशी त्याचा संबंध नाही. त्याचा अर्थच मुळी 'फेस' असा आहे. चॉकलेट, क्रीम आणि हवा यांचा हा थंड, हलका, चमच्याने खायचा पदार्थ. जुन्या पद्धतीत त्यात कच्च्या अंड्याचा फेटलेला बलक आणि पांढरे घालतात. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला जीवाणूंची बाधा होऊ शकते, म्हणून आपण बिनअंड्याची कृती घेऊ.

पहिली फजिती: क्रीम फुगेना

मे महिन्याची दुपार होती. दुकानातून क्रीमचा डबा आणला आणि रवीने घुसळायला लागलो. अर्धा तास झाला तरी ते पातळच. डब्यावर स्निग्धांश २५ टक्के लिहिला होता आणि स्वयंपाकघराचे तापमान होते ३६ अंश सेल्सिअस. चूक या दोन आकड्यांतच होती.

क्रीम म्हणजे पाण्यात विखुरलेले स्निग्ध पदार्थाचे सूक्ष्म गोलक. प्रत्येक गोलकाभोवती एक पातळ आवरण असते, त्यामुळे गोलक एकमेकांत मिसळत नाहीत. क्रीम घुसळताना दोन गोष्टी घडतात. हवेचे बुडबुडे आत शिरतात आणि धक्क्यांनी गोलकांची आवरणे जागोजागी फाटतात. फाटलेले गोलक एकमेकांना चिकटतात आणि बुडबुड्यांभोवती त्यांची जाळी तयार होते. मात्र त्यासाठी गोलकातला स्निग्ध पदार्थ काही घट्ट, काही पातळ असा असावा लागतो. पातळ भाग डिंकासारखा चिकटवतो, घट्ट भाग आकार टिकवतो. ५ अंशांच्या आसपास ही स्थिती असते. ३६ अंशांना जवळजवळ सगळाच स्निग्ध पदार्थ पातळ होतो, मग जाळी बनणार कशी? शिवाय जाळी पुरेशी दाट होण्यासाठी क्रीममध्ये ३० टक्क्यांहून अधिक, शक्यतो ३५ टक्के स्निग्धांश हवा.

साबणाच्या फेसाशी तुलना करून पाहा. तिथे बुडबुड्याची भिंत म्हणजे पाण्याचा पापुद्रा. पाणी खाली ओघळते, पापुद्रा पातळ होत जातो आणि फुटतो. क्रीममध्ये मात्र बुडबुड्याभोवती घट्ट स्निग्ध पदार्थाची तटबंदी असते.

क्रीम आणखी घुसळत राहिलो तर? जाळीचे तुकडे एकवटतात, हवा आणि पाणी बाहेर पडते आणि लोणी येते. लोणी गोळा होईना की आजी ताकात गार पाणी किंवा बर्फ घालते, तेही याच कारणाने. फेटलेले क्रीम म्हणजे साय आणि लोणी यांच्यामधली एक पायरी. तिथे वेळेवर थांबता आले पाहिजे.

दुसरी फजिती: चॉकलेट आवळले

दुसऱ्या वेळी क्रीम गार होते, पण चॉकलेट बिघडले. उकळत्या पाण्यावर भांडे ठेवून ते वितळवत होतो. वाफेचे चार थेंब आत पडले आणि रेशमासारखे वितळलेले चॉकलेट ओल्या वाळूसारखे घट्ट झाले. हे समजण्यासाठी पांढऱ्या चॉकलेटमध्ये काय असते ते पाहू.

कोकोच्या बीचे जवळजवळ निम्मे वजन स्निग्ध पदार्थाचे, म्हणजे कोको बटरचे असते. ते दाबून वेगळे काढण्याच्या यंत्राचे पेटंट हॉलंडमध्ये व्हान हौटेन यांना १८२८ साली मिळाले. उरणाऱ्या तपकिरी चोथ्यापासून कोको पावडर होते. पांढऱ्या चॉकलेटमध्ये हा तपकिरी भाग नसतोच. असते ते कोको बटर, साखर आणि दुधाची पावडर. युरोप आणि अमेरिकेतील नियमांनुसार पांढऱ्या चॉकलेटमध्ये किमान २० टक्के कोको बटर असावे लागते.

याचा अर्थ, वितळलेले चॉकलेट म्हणजे कोको बटरमध्ये तरंगणारे साखरेचे आणि दुधाचे कोरडे कण. थोडेसे पाणी पडले की साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि सगळ्याचा गोळा होतो. गंमत अशी की यावर उपाय आणखी पाणी हाच! पुरेसे गरम क्रीम घातले की साखर त्यातल्या पाण्यात विरघळते, कण सुटे होतात आणि कोको बटर बारीक थेंबांच्या रूपात पाण्यात विखुरते. फळ्यावरच्या तक्त्यातले 'पायस' ते हेच. म्हणून चॉकलेट नुसते वितळवण्यापेक्षा त्यावर सुरुवातीलाच गरम क्रीम ओतणे सोयीचे. दुधाच्या पावडरीमुळे पांढरे चॉकलेट लवकर करपते, तो धोकाही त्यामुळे टळतो.

तिसरी फजिती: फेस बसला

तिसऱ्या वेळी घाई नडली. क्रीम छान फुगले होते. त्यात गरम चॉकलेट ओतले आणि डोळ्यांदेखत सगळे पातळ झाले. बुडबुड्यांभोवतीची तटबंदी वितळली होती, दुसरे काय!

इथे कोको बटरचा स्वभाव महत्त्वाचा ठरतो. तुपात नाना प्रकारच्या स्निग्ध रेणूंची सरमिसळ असते. काही लवकर गोठतात, काही उशिरा. म्हणून थंडीत तूप रवाळ होते, कण खाली आणि पातळ तूप वर. कोको बटरमध्ये मुख्यतः तीनच प्रकारचे आणि एकमेकांसारखे रेणू असतात. त्यामुळे ते जवळजवळ एकदम वितळते, साधारण ३४ अंशांना. खोलीत कडक आणि ३७ अंशांच्या तोंडात पातळ, ही चॉकलेटची ओळख यातून येते. मूस फ्रिजमध्ये ठेवले की क्रीमने धरलेल्या बुडबुड्यांभोवती हेच कोको बटर गोठते आणि फेसाला दुसरा आधार मिळतो. पांढऱ्या चॉकलेटमध्ये कोकोचे कोरडे कण नसतात आणि दुधातला स्निग्धांश कोको बटरला थोडा मऊ करतो. म्हणून त्याचे मूस काळ्या चॉकलेटच्या मूसपेक्षा नरम होते आणि त्यात चॉकलेटचे प्रमाण जास्त ठेवावे लागते.

चौथ्यांदा जमलेली कृती

साहित्य: पांढरे चॉकलेट १०० ग्रॅम, ३५ टक्के स्निग्धांशाचे क्रीम १५० मिलिलिटर.

१. क्रीम आणि घुसळायचे भांडे रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा.

२. चॉकलेट बारीक चिरा. ५० मिलिलिटर क्रीम उकळी येण्याच्या बेतात गरम करून त्यावर ओता. दोन मिनिटांनी मधूनमधून ढवळत एकजीव करा.

३. हे मिश्रण ३० अंशांपर्यंत निवू द्या. तापमापी नसेल तर थेंबभर ओठाला लावून पाहा. गरम लागता कामा नये.

४. उरलेले १०० मिलिलिटर गार क्रीम घुसळा. रवी उचलल्यावर मऊ शेंडा उभा राहिला की थांबा.

५. आधी एक तृतीयांश क्रीम चॉकलेटमध्ये मिसळा, मग उरलेले हलक्या हाताने, खालून वर घेत मिसळा. वाट्यांत भरून किमान ४ तास फ्रिजमध्ये ठेवा.

वेष्टन वाचा

दुकानातली पांढरी वडी घेताना घटकांची यादी जरूर वाचा. पुष्कळदा तिथे कोको बटरऐवजी हायड्रोजनीकृत वनस्पती तेल लिहिलेले असते. त्याचेही मूस गोठते, पण त्या तेलाचा द्रवणांक वेगळा असल्याने जिभेवर मेणासारखा थर राहू शकतो.

पर्यायी स्निग्ध पदार्थांच्या यादीत आपल्या ओळखीचेही एक नाव आहे. युरोपीय संघाच्या २००० सालच्या नियमांनुसार चॉकलेटमध्ये कोको बटरशिवाय ५ टक्क्यांपर्यंत सहा ठरावीक वनस्पतिज स्निग्ध पदार्थ चालतात. त्यांत साल आणि आंब्याच्या कोयीतील स्निग्ध पदार्थ आहेत, तसे कोकमतेलही आहे. कोकणात आणि गोव्यात थंडीत फुटलेल्या टाचांना लावतात तेच हे, कोकमाच्या बियांचे तेल. त्यातले रेणू कोको बटरमधल्या रेणूंसारखे असतात आणि ते ४० अंशांच्या आसपास वितळते. नाव तेल असले तरी त्याचा गोळा कडक का, ते आता मुलांना सांगता येईल.

वर्गात काय करता येईल?

मूस प्रत्येक शाळेला परवडणार नाही. क्रीम महाग, आणि फ्रिज सगळीकडे नसतो. पण यातला विचार कमी खर्चात तपासता येतो.

एक वाटी क्रीम तोला. ते घुसळा आणि त्याच वाटीत भरून पुन्हा तोला. आधी २०० ग्रॅम आणि नंतर १०० ग्रॅम भरले, तर वाटीतली निम्मी जागा हवेची आहे. दुसऱ्या प्रयोगात साय दोन बाटल्यांत समान भरा. एक बर्फात ठेवलेली, एक उन्हात. दोन्ही सारख्याच हलवा आणि लोणी कोणत्या बाटलीत आधी येते, कोणत्यात येतच नाही, ते नोंदवा. तिसऱ्यात तूप, खोबरेल तेल आणि कोकमतेल यांच्या परीक्षानळ्या पाण्यात हळूहळू तापवा. कोणता पदार्थ कोणत्या तापमानाला वितळायला लागतो आणि कोणत्या तापमानाला पूर्ण पातळ होतो, हे दोन्ही आकडे लिहा. त्यांतले अंतर कशात जास्त आहे?

त्या मुलीला मी पुढच्या वर्षी उत्तर दिले. तिने ते नीट ऐकून घेतले आणि लगेच विचारले, "मग आइसक्रीम वितळून पुन्हा गोठवलं की पहिल्यासारखं का होत नाही?" हा प्रश्न आता आपल्या वर्गासाठी. बुडबुडे कुठे जातात, इथून सुरुवात करून पाहा.