दुसऱ्यांदा लिहिलेला प्रबंध



मागे एकदा जसोंडी येथे एका कुटुंबाच्या भेटीस गेलो असता घरात नेहमीचा आनंद दिसेना. थोरली मुलगी बुऱ्हाणपूरच्या महाविद्यालयात एम. ए. च्या वर्गात शिकते. तिने चार महिने खपून लिहिलेला लघुप्रबंध मार्गदर्शक प्राध्यापकांनी तांबड्या शाईच्या खुणा करून परत केला होता. "पुन्हा लिहा", एवढाच शेरा. मुलगी कोपऱ्यात गप्प बसली होती. आई हळूच म्हणाली, "फादर, पैसे दिले की तयार प्रबंध बांधून मिळतो म्हणतात. घेऊन टाकू का? पोरीची झोप गेली आहे हो!"

आम्ही त्या माउलीला रागे भरलो नाही. तिचे बोलणे मायेपोटी होते. शिवाय आम्हांस आमचाच एक जुना अपराध आठवला. सेमिनरीत शिकत असताना आम्ही एका ग्रंथातील दोन पाने, ग्रंथकाराचे नाव न सांगता, आपल्या निबंधात उतरविली होती. गुरुजींनी वही मिटली आणि शांतपणे म्हटले, "आता हेच मला तुझ्या शब्दांत सांग." आम्हांस एक वाक्यही सांगता आले नाही. उसने घेतलेले ज्ञान ऐन वेळी कामी येत नाही, हे त्या दिवशी पुरते कळले.

मग त्या मुलीला आम्ही आपल्याच मध्य प्रदेशात जन्मलेल्या एका मराठी विद्यार्थ्याची हकीकत सांगितली. महू येथे १४ एप्रिल १८९१ रोजी जन्मलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकून पुढे लंडनला गेले. १९१७ साली मायदेशी परतताना त्यांनी आपले ग्रंथ व सामान निराळ्या जहाजाने पाठविले. महायुद्धाच्या धामधुमीत ते जहाज बुडाले. तरीही ते खचले नाहीत. १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि तेथील मोठमोठ्या ग्रंथालयांत बसून रुपयाच्या प्रश्नावर त्यांनी आपला प्रबंध सिद्ध केला. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी तो सुधारून पुन्हा लिहिण्यास सांगितले! त्यांनी तो पुन्हा लिहिला व ऑगस्टमध्ये परत सादर केला. नोव्हेंबरात तो मान्य झाला आणि वर्षअखेरीस ग्रंथरूपाने छापलाही गेला. भाषा व मांडणी सुधारली तरी आपले निष्कर्ष त्यांनी सोडले नाहीत, असे चरित्रकार सांगतात. त्यांचे गुरू प्राध्यापक एडविन कॅनन यांनी त्या ग्रंथास प्रस्तावना लिहिली व तीत आपले मतभेदही मोकळेपणाने नोंदविले. परत आलेला प्रबंध म्हणजे अपमान नव्हे, हे यावरून ध्यानी यावे. ज्याने तो वाचून खुणा केल्या, त्याने आपल्यासाठी वेळ खर्चिला आहे.

एवढे सांगून आम्ही तिचे बाड हाती घेतले. विषय होता, 'बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील शेती'. एवढा मोठा विषय एका विद्यार्थिनीच्या मुठीत कसा मावणार? आम्ही तिला विचारले, "तुला स्वतःला कोणती गोष्ट कळून घ्यावीशी वाटते?" बराच वेळ विचार करून ती म्हणाली, "वादळात केळीची बाग आडवी झाली की आमच्यासारखी घरे पुढचे वर्ष कसे काढतात, ते." हाच खरा विषय! प्रबंधाला विषयापेक्षा प्रश्न अधिक लागतो, आणि तो प्रश्न असा असावा की त्याचे उत्तर आपल्या पायांनी चालत जाऊन शोधता येईल.

आमच्या वाचकांच्या मुलामुलींस उपयोगी पडाव्यात म्हणून चार गोष्टी येथे नमूद करतो.

पहिली गोष्ट टिपणांची. जे वाचाल ते लहान कागदांवर टिपा; एका कागदावर एकच मुद्दा, आणि खाली ग्रंथकार, ग्रंथ व पृष्ठ. दुसऱ्याचे शब्द जसेच्या तसे घेतले तर त्यांस अवतरणचिन्हे तेव्हाच घाला. पुढे आपले कोणते व परके कोणते हे आठवत नाही, आणि चोरीचा हेतू नसतानाही चोरी घडते. शेतकऱ्याशी बोललात तर तारीख लिहा. मात्र त्याच्या कर्जाची वा घरची गोष्ट त्याच्या संमतीवाचून, नावानिशी छापू नका.

दुसरी गोष्ट लिहिण्याच्या क्रमाची. पुष्कळ विद्यार्थी प्रस्तावनेपाशीच महिनाभर अडून राहतात. जे प्रकरण तुम्हांस उत्तम कळले आहे, तेथून आरंभ करा. प्रस्तावना शेवटी लिहावी. घर बांधून झाल्यावाचून पाहुण्यास कोणती खोली कोठे आहे ते कसे सांगणार? रोज नेमाने एक पान लिहिले तरी तीन महिन्यांत नव्वद पाने होतात.

तिसरी गोष्ट भाषेची. आपल्या भागातील मुलांना घरी मराठी व महाविद्यालयात पुष्कळदा हिंदी लिहावी लागते. परक्या भाषेतील भारदस्त शब्दांमागे विचार लपवू नका. आधी आपला मुद्दा आईला मराठीत सांगा. तिला तो कळला तर तो तुम्हांसही कळला आहे असे समजा. मग तो कोणत्याही भाषेत उतरेल. आणि लिहिलेल्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा. बुडालेल्या जहाजाची आठवण असू द्या.

चौथी गोष्ट प्रामाणिकपणाची. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली याविषयी नियम केले. प्रबंधातील मजकूर दुसऱ्यांच्या लिखाणाशी दहा टक्क्यांहून अधिक व चाळीस टक्क्यांपर्यंत जुळला तर तो सहा महिन्यांत सुधारून द्यावा लागतो. साठ टक्क्यांपर्यंत जुळला तर वर्षभर प्रबंध सादर करता येत नाही. त्याहून अधिक जुळला तर नोंदणीच रद्द होते. आता तर प्रश्न टंकताच निबंध लिहून देणारी यंत्रेही आली आहेत. ती कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथांची नावे बिनदिक्कत सांगतात. परंतु दंडाची भीती हे खरे कारण नव्हे. विकत घेतलेल्या प्रबंधाने पदवी हाती येईलही, पण विचार करण्याची जी शक्ती त्या कष्टांतून यावयाची ती येणार नाही, आणि ते नुकसान जन्मभर भरून निघत नाही.

पालकांनाही एक विनंती. मुलगी घरात पुस्तक घेऊन बसली की ती रिकामी आहे असे मानू नका. पाण्याला, जळणाला, धाकट्या भावंडांना प्रत्येक वेळी तिलाच हाक मारू नका. दिवसाचे दोन तास तिचे असू द्या. तयार प्रबंधाच्या पैशांपेक्षा हे दोन तास देणे कठीण आहे, हे आम्ही जाणतो. पण तिच्या खऱ्या उपयोगाचे तेच आहे.

नुकतेच पुन्हा जसोंडीस जाणे झाले. मुलगी घरी नव्हती. "केळीवाल्यांना विचारायला गेली आहे वही घेऊन," आई म्हणाली. मग जरा थांबून, काहीशा अभिमानाने पुढे म्हणाली, "रात्री मला वाचून दाखविते. मला कळले नाही की खोडते आणि पुन्हा लिहिते!"