मोहाचा सडवा : भट्टीआधीची चव

मार्च संपता संपता यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा, झरी-जामणी, मारेगावच्या रानात मोह टपकू लागतो. पानगळ झालेल्या झाडाखाली पहाटेपर्यंत फिकट पिवळ्या, मांसल, रसाने भरलेल्या फुलांचा सडा पडतो. कोलाम आदिवासींच्या पोडांवरच्या, म्हणजे वस्त्यांवरच्या, बाया-पोरे उजाडायच्या आत टोपल्या घेऊन पोचतात. उशीर झाला तर गुरे खाऊन जातात, आणि टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूला अस्वलेही वाटेकरी असतात.

मोहाची दारू यवतमाळात कोणाला सांगावी लागत नाही. तिच्या आधीच्या पायरीकडे मात्र कोणी चव म्हणून बघत नाही. वाळलेली फुले पाण्यात घालून आंबवली की जो गडद, आंबट, फळाच्या वासाचा द्रव होतो, तो सडवा. वर्तमानपत्रात तो भेटतो तो पोलिसांनी छापा घालून नष्ट केल्याच्या बातमीत. मोहाची पुरी चव या सडव्यातच असते, असे माझे ठाम मत आहे.

त्याचे कारण भट्टीत आहे. सडवा उकळला की वाफेबरोबर अल्कोहोल आणि थोडा सुगंध वर चढतो. रंग, उरलेली साखर आणि लॅक्टिक आम्ल वर जात नाही, ते भांड्यातच राहते. नळीतून उतरते ती पाण्यासारखी नितळ, घसा जाळणारी धार. पहिल्या धारेचे कौतुक पुष्कळ होते, पण ते जोराचे कौतुक असते.

सडव्याचा हा गडद रंग येतो कुठून? काळ्या बिअरचा रंग भाजलेल्या जवातून येतो, मोहाचा उन्हातून. अंगणात पसरलेले फूल काही दिवसांत मनुक्यासारखे तपकिरी होते. वाळलेल्या फुलाचे साधारण निम्मे वजन साखरेचेच असते, त्यामुळे जवाला मोड आणून त्यातल्या स्टार्चची साखर करण्याचा खटाटोप इथे लागत नाही. यीस्ट फुलावरच बसलेले असते. विदर्भाच्या उन्हाळ्यात भांड्यातले पाणी कोमटच राहते आणि फेस लवकर धरतो. यीस्ट साखरेचे अल्कोहोल करत असताना दही लावणाऱ्या जिवाणूंचे भाऊबंद लॅक्टिक आम्ल तयार करतात. हवा जास्त लागली तर ॲसिटिक आम्ल वाढते आणि सगळ्याचा शिरका होतो.

बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात बिअरमधल्या याच आंबटपणावर पिढ्यानपिढ्या मेहनत झाली. रूसेलारे गावची रोडेनबाख ही 1821 सालची ब्रुअरी आपली तांबूस-तपकिरी एल ओकच्या प्रचंड पिंपांत दीड-दोन वर्षे मुरवते, आणि मुरलेली व ताजी यांचे मिश्रण करून आंबटपणा बेताला आणते. औडेनार्डेच्या लीफमन्समध्ये तपकिरी आंबट एलमध्ये चेरी घालतात. महाराष्ट्रातही पुण्यात 2009 साली डूलाली ही ब्रुअरी सुरू झाल्यापासून छोट्या ब्रुअऱ्या वाढल्या, आणि तिथल्या एका ब्रुअरीने कोकम घातलेली एल बाजारात आणली. यवतमाळच्या मोहाच्या वाट्याला मात्र प्लास्टिकचा ड्रम, नवसागर आणि घाई आली. सगळे भट्टीतच जायचे, मग आंबवणे नीट झाले की नाही हे कोण बघणार?

स्वच्छ भांड्यात, नवसागराशिवाय आंबवलेला मोह गाळून उजेडात धरला तर काळपट तांबडा दिसतो. आधी उग्र, कस्तुरीकडे झुकणारा वास येतो, आणि तो सगळ्यांना आवडत नाही. त्यामागून मनुका आणि गूळ. तोंडात घेतला की जिभेच्या कडांना ताकाचा आंबटपणा लागतो, मग उरलेली गोडी येते, शेवटी किंचित तुरट कडा. हा तुरटपणा थोडा कमी पडतो, आणि तिथे मला जांभूळ आठवते. जूनमध्ये जांभूळ पिकते तोवर वाळलेला मोह घरात असतोच. जांभळाचा रंग, तुरटपणा आणि आंबट रस या मोहात मुरवला तर फ्लँडर्सच्या चेरीला तोडीस तोड काही यवतमाळातच तयार होईल.

अडचण कायद्याची आहे, आणि त्याहून मोठी अडचण घराघरातली. 2021 साली राज्याने मोहफुले गोळा करणे, साठवणे आणि त्यांची वाहतूक यांवरचे निर्बंध उठवले. विनापरवाना मद्य गाळणे गुन्हाच राहिले. याच जिल्ह्यात स्वामिनी अभियानातल्या बाया दारूबंदीसाठी रस्त्यावर उतरल्या. दारूने उद्ध्वस्त झालेले संसार त्यांनी जवळून पाहिले आहेत, आणि मोहाच्या चवीचे गोडवे गाताना त्यांचे म्हणणे बाजूला सारता येणार नाही. तरी एक फरक लक्षात घ्यावा लागतो: गोंड आणि कोलाम समाजांत देवाला वाहण्याची मोहाची दारू वेगळी आणि रोज संध्याकाळी गुत्त्यावर मिळणारी वेगळी.

म्हणून मागणी एवढीच. सौम्य, तपासलेल्या, बाटलीबंद आंबवलेल्या मोहाचा परवाना दिलाच, तर तो कोणा बाहेरच्या कंपनीला न देता ग्रामसभेला द्यावा, आणि आधी गावातल्या बायांचा होकार घ्यावा. वन हक्क कायद्याने 2006 सालीच गौण वनोपजावर रानाच्या आधारे जगणाऱ्या समाजांचा हक्क मान्य केला आहे. तोवर हातभट्टीवरचा सडवा कोणी चाखू नये, त्यात काय घातले आहे हे कळत नाही. एप्रिलमध्ये पांढरकवड्याच्या बाजूला जाणे झाले, तर फुले वेचणाऱ्या बाईकडूनच, ती सांगेल त्या भावात, वाळलेला मोह घ्या आणि घरी लाडू करा.