कांद्याचे पैसे आणि कॉलेजची राखीव जागा



बारावीचा निकाल लागला की घरोघरी पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवसापासून दाखल्यांची धावपळ सुरू होते. एरवी कीड आणि खतांबद्दल विचारणारी मंडळी या दिवसांत मला एकच प्रश्न विचारतात, "साहेब, यंदा कांद्याचे पैसे बरे झाले. आता पोरीला राखीव जागा मिळायची नाही ना?" या समजुतीपायी काही घरे अर्जच करीत नाहीत आणि मुलीची हक्काची जागा जाते. म्हणून हा हिशेब आज नीट समजून घेऊ.

मर्यादा कोणाला?

अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमातींच्या मुलांना राखीव जागेसाठी उत्पन्नाची अट नाही. शिष्यवृत्तीची मर्यादा हा वेगळा विषय आहे. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्ग यांना मात्र अट आहे. १६ नोव्हेंबर १९९२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंद्रा साहनी खटल्यात निकाल दिला. मागासवर्गातली जी घरे पुढे गेली, त्यांनी मागे राहिलेल्यांच्या वाट्यात येऊ नये, असे त्यात ठरले. या पुढे गेलेल्या थराला क्रीमी लेअर, म्हणजे दुधावरची साय म्हणतात. १९९३ साली केंद्राने ही मर्यादा १ लाख रुपये ठरवली. वाढत वाढत २०१७ साली ती ८ लाख झाली. आपण त्या थरात नाही, असे सांगणारा कागद म्हणजे नॉन-क्रीमी लेअर दाखला.

कोणते उत्पन्न धरतात?

खरी गोम इथेच आहे. या ८ लाखांत शेतीचे उत्पन्न धरीत नाहीत. आईवडिलांचा नोकरीचा पगारही धरीत नाहीत. धरतात ते दुकान, व्यापार, घरभाडे, व्याज असे बाकीचे उत्पन्न. तेही फक्त आईवडिलांचे. एकत्र कुटुंबातल्या काकांचे किंवा आजोबांचे नव्हे. शिवाय एका वर्षात मर्यादा ओलांडली म्हणून बिघडत नाही, सलग तीन वर्षे ओलांडावी लागते.

समजा, एका घरात उसाचे ७ लाख आले, आई प्राथमिक शिक्षिका असून तिचा पगार ५ लाख आहे आणि वडिलांच्या किराणा दुकानाचे उत्पन्न २ लाख आहे. बेरीज १४ लाख होते, पण दाखल्यासाठी धरायचे फक्त २ लाख. या घरच्या मुलीला दाखला मिळू शकतो.

याला दोन अपवाद लक्षात ठेवा. आई किंवा वडील थेट वर्ग १ चे अधिकारी म्हणून लागले असतील, किंवा दोघेही थेट वर्ग २ मध्ये लागले असतील, तर उत्पन्न कितीही कमी असले तरी सवलत नाही. दुसरा अपवाद जमिनीचा. शेतीचा पैसा धरीत नसले तरी बागायत जमीन पाहतात. ती सिलिंगच्या ८५ टक्के किंवा जास्त असेल तर सवलत जाते. बारमाही पाण्याच्या दुपिकी जमिनीचे आपल्याकडचे सिलिंग १८ एकर आहे. त्याचे ८५ टक्के म्हणजे सव्वापंधरा एकरांच्या किंचित वर. फक्त कोरडवाहू जमीन असणाऱ्यांना ही अट नाही.

आर्थिक दुर्बल घटकाचा हिशेब उलटा

जातीच्या आरक्षणात न बसणाऱ्यांसाठी २०१९ साली १० टक्के जागा आल्या. तिथेही आकडा ८ लाखांचाच आहे, म्हणून पुष्कळांचा घोटाळा होतो. इथे मात्र आदल्या वर्षाचे शेती, पगार, धंदा असे सगळे उत्पन्न धरतात. केंद्राच्या संस्थांसाठी ५ एकर किंवा अधिक शेतजमीन असेल तर दाखला मिळत नाही. शेजाऱ्याचा हिशेब आपल्याला लावू नका.

कागद आधी, प्रवेश मागून

पेरणी तोंडावर आली की कोणी नांगरट काढीत नाही. कागदांचेही तसेच आहे. मूल अकरावीत असतानाच सुरुवात करा. आधी प्रांत कार्यालयाचा जातीचा दाखला काढा. त्यासाठी जुना पुरावा लागतो. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला किंवा तहसीलच्या दप्तरातली गाव नमुना १४ ची जन्ममृत्यूची नोंद इथे कामाला येते. मग इंजिनिअरिंग, वैद्यकीय, कृषी अशा अभ्यासक्रमांसाठी जिल्ह्याच्या समितीकडून जात पडताळणी करून घ्या. याला वेळ लागतो. नॉन-क्रीमी लेअर दाखल्यावरची मुदतीची तारीख प्रवेशाआधी वाचा. केंद्राच्या कॉलेजसाठी केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढावा लागतो.

तलाठ्यासमोर उत्पन्न सांगताना शेतीचे, पगाराचे आणि इतर असे तीन आकडे वेगवेगळे सांगा आणि अर्जातही वेगवेगळे लिहा. लपवू नका, खोटा दाखला उघडकीस आला तर मिळालेला प्रवेशही रद्द होतो. पण कांद्याला भाव मिळाला म्हणून घाबरून घरीही बसू नका. मुलीच्या शिक्षणाचा अर्ज आधी भरा.